काकांनी कधीच न धुतलेली राणी

मधुकरकाका गेले त्याला पाच आठवडे झाले आणि मी अजून त्यांच्यावर चिडलेली आहे. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहायचं नसतं, हे मला कळतं. पण सहा वर्षं पत्रकं लिहून लिहून मला पहिल्या ओळीत मुद्दा सांगायची सवय लागली आहे, आणि ती सवय काकांनीच लावली. तर मुद्दा हा, की या माणसानं एकदा तरी माझ्यावर रागवायला हवं होतं. मी त्यासाठी दोन वर्षं वाट पाहिली. ते रागावले नाहीत, आणि मग गेले.

बातमी आली तेव्हा मी एका सरकारी कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसले होते. सोबत आमच्या वस्तीतल्या तीसेक बाया, प्रत्येकीच्या हातात घरांच्या मालकी पट्ट्यांच्या मागणीचं पत्रक. फोन थरथरला. छापखान्याच्या मालकांचा निरोप होता… "मधुकरकाका सकाळी गेले. चार वाजता इंदोऱ्याच्या घरून नेणार." मी तो दोनदा वाचला आणि फोन पालथा करून मांडीवर ठेवला. पुढचं भाषण माझं होतं. उठून बोलले. काय बोलले ते आठवत नाही. बाया म्हणतात चांगलं बोलली. मला एवढंच आठवतं, की समोर जेवढे कागद फडफडत होते त्यांचं शेवटचं प्रूफ काकांनी तपासलेलं होतं, दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या आठवड्यात, आणि त्यातली दोन उद्गारचिन्हं खोडली होती.

ते माझे सख्खे काका नव्हते. नागपुरात बर्डीच्या मागच्या गल्लीतल्या एका छापखान्यात त्यांनी पन्नास वर्षं काढली. आधी खिळे जुळवायचे, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ बांधायचे. ऑफसेट आलं, खिळे भंगारात गेले, काका मात्र तिथंच राहिले, कोपऱ्यातल्या टेबलावर प्रूफं तपासत. मी माझं पहिलं पत्रक घेऊन गेले तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि मला वाटत होतं की हे वाचून अर्धं नागपूर रस्त्यावर येणार. काकांनी ते वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मित्रा ना तुहं नाव? किती उद्गारचिन्हं हायेत, मोजली का वं?"

"संघमित्रा. आणि असू द्या ना काका, संताप आहे तो."

"अकरा हायेत. एवढं ओरडून राह्यली तं ऐकणार कोण? दोन ठेवतो. कोणते दोन, ते तू सांग."

मी भांडले. दोनच राहिली. पत्रक लोकांनी शेवटपर्यंत वाचलं, म्हणून पुन्हा तिथंच गेले, आणि मग जातच राहिले.

त्यांची नाणी मी पहिल्यांदा पाहिली तीही चिडूनच. मोर्चा दोन दिवसांवर आला होता, पत्रक मशीनवर चढायला हवं होतं, आणि काका माझं प्रूफ बाजूला सारून भिंगातून एक काळपट रुपया पाहत बसले होते. दोन बोटांत कडेनं धरलेला, खिडकीच्या उजेडाकडे तिरका केलेला. राणीछाप. आपल्याकडे कित्येक घरांत असा एखादा असतो, लक्ष्मीपूजनाच्या ताटात किंवा म्हातारीच्या पेटीत. काकांकडे मात्र एकवीस होते, सगळे व्हिक्टोरियाचे. दुसरा राजा नाही, दुसरी राणी नाही, हीच एक बाई. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, काका, जिच्या नावानं या देशाची लूट झाली तिचं तोंड तुम्ही भिंग लावून पाहता?

"लूट झाली, बरोबर हाये," काका म्हणाले. "पण तू तिचं तोंड नीट पाह्यलं का? ज्याच्यावर चिडाचं त्याले ओळखलं तं पाह्यजे."

मग त्यांनी मला इंदोऱ्याच्या घरी नेऊन सगळा संग्रह दाखवला. छापखान्यातून भंगारात निघालेली खिळ्यांची एक लाकडी केस त्यांनी आणून ठेवली होती. छोटे छोटे खण, एकेकाळी प्रत्येकात एकेक अक्षर. आता प्रत्येकात राणी. आधीची १८४० ची. मुकुट नाही, केस मागं वळवून फितीनं बांधलेले, मान लांब, कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या पोरीसारखी. मग १८६२ ची. आता मुकुट आला, भरजरी पोशाख आला, गाल भरले, नजरेत जरब आली. मग १८७७ पासून नावात राणीची सम्राज्ञी झाली, पोशाखाची नक्षी इकडेतिकडे बदलली, चेहरा मात्र तोच. मी विचारलं, मग पुढं?

"पुढं काही नाही. मेली तवा ऐंशी ओलांडून गेली होती. आपल्या रुपयावर शेवटपर्यंत चाळिशीतली."

शेवटच्या खणातून त्यांनी तिच्या स्वतःच्या देशातली एक तांबूस पेनी काढली. त्याच राणीची, शेवटच्या वर्षांतली. डोक्यावरून पदर घ्यावा तसं वस्त्र, गाल उतरलेले, तोंडाशी घड्या. तिच्या घरच्या लोकांना ती म्हातारी झालेली दिसली होती. "इथं तिले म्हातारी होऊच देल्ली नाही," काका म्हणाले आणि पेनी परत ठेवली. हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, कौतुक तर मुळीच नव्हतं. छपाईतली एखादी चूक दाखवावी तसं त्यांनी ते दाखवलं.

मी मात्र पेटले. घरी येऊन त्याच दिवशी ओळ लिहिली… 'साठ वर्षं एकच चेहरा. सत्तेला सुरकुत्या पडत नाहीत.' दुसऱ्या दिवशी अभिमानानं काकांपुढे ठेवली. त्यांनी 'एकच' खोडलं आणि वर 'दोन' लिहिलं.

"काका, दोन म्हटलं की वाक्याची हवा जाते."

"जाऊ दे. खोटं काहून छापाचं?"

"खोटं नाही ते. जोर दिला."

"अस्सं. मंग तुमच्या अध्यक्षायचा फोटो बी जोर देल्लेलाच हाये का?"

आमच्या संघटनेच्या अध्यक्षांचा जो फोटो आम्ही प्रत्येक पत्रकावर छापतो तो ते तरुण असतानाचा आहे. मिशी काळीभोर. काकांनी तो इतक्यांदा छापला होता, की मूळ फोटो हरवल्यावर आम्ही त्यांच्याकडेच मागायला गेलो होतो. "ते बी म्हातारे नाही होऊन राह्यले," असं पुटपुटत त्यांनी 'एकच' पुन्हा जागेवर बसवलं. मजकूर तुझा आहे, म्हणाले. शेवटी छापलं गेलं ते माझंच. तेव्हा मला हा विजय वाटला होता.

रविवारी ते एसटीनं खेड्यांत जायचे. एकदा मीही गेले, नरखेडच्या पलीकडे, संत्र्याच्या बागांतून आत एका गावी. काकांचा नियम असा, की माणसाच्या हातून रुपया घ्यायचा, त्याची हकिकत ऐकायची आणि त्या घरात एक तरी राहू द्यायचा. तिथली म्हातारी पदराच्या गाठीतून तीन रुपये सोडून आमच्यापुढं ठेवून बसली. "ही पोरगी कोण होय गा?" तिनं विचारलं. "पत्रकवाली," काका म्हणाले. म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बोलते काय मंग?" "बोलते तं लय." मला राहवलं नाही. मी म्हटलं, आजी, ही कोण आहे माहीत आहे का, हिनं काय केलं माहीत आहे का? म्हातारी म्हणाली, "माही सासू म्हणे लक्ष्मी होय. मी म्हणतो, लक्ष्मी असती तं नाक एवढं लांब नसतं." काका इतके हसले की त्यांना खोकला आला. तिघांतला सगळ्यांत झिजलेला रुपया त्यांनी उचलला. नाक, गाल, मुकुटाची टोकं, सगळं बोटांनी सपाट झालेलं. परतीच्या एसटीत मी विचारलं, चांगला सोडून हा का घेतला? म्हणाले, बाकीचे दोन टाकसाळीनं केलेले आहेत, हा लोकांनी केलेला आहे.

त्यामुळेच ते नाणी कधी धुवायचे नाहीत. चांदीवर वर्षानुवर्षं जो काळा-तपकिरी थर बसतो, हाताचा, धुराचा, पेटीतल्या कापडाचा, तो त्यांच्या लेखी नाण्याचाच भाग होता. घरातल्या कुणाला ते हात लावू देत नसत. मुलगी वैशालीताई पोस्टात काउंटरवर आहे, दिवसभर लोकांना गप्प करते, पण या बाबतीत बापापुढं तिचं काही चालायचं नाही.

आणि त्या एकवीसांत एक पहिला होता. १८६२ चा, मुकुटवाला. तो काकांच्या आईचा. त्यांचं मूळ घर खाप्याचं, कन्हानच्या काठाचं. काका आठ वर्षांचे असताना, छप्पन साली, आई-वडील नागपूरला दीक्षेला आले आणि परत गेल्यावर आईनं कोनाड्यातले सगळे देव एका फडक्यात बांधून दिले आणि वडिलांनी ते नदीत सोडले. हा रुपयाही त्या देवांतच होता. दिवाळीला आई त्याला कुंकू लावायची. फडक्यात बांधताना वडिलांनी तो उचलून बाजूला ठेवला… "हा देव नोय, हा रुपया होय." आईनं तो मधुकरच्या हातात दिला. काकांच्या संग्रहाची सुरुवात ती. मुकुटाच्या एका खाचेत कुंकू होतं, वाळून काळपट लाल झालेलं, तांदळाच्या दाण्याएवढं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते खटकलं. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तुम्ही हे जपून ठेवलं? मी बोललेही तसं, अगदी याच शब्दांत.

"मायचं बोट हाये ते," काका म्हणाले. "तवा लावलं ते बी तिनंच. मंग सोडलं ते बी तिनंच."

मी हे ऐकलं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं ते मला माहीत नसल्यामुळे झालं असं कुणाला वाटू नये.

दोन वर्षांपूर्वी आम्ही वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात एक प्रदर्शन भरवायचं ठरवलं. नाव माझ्याच ओळीवरून, सत्तेला सुरकुत्या पडत नाहीत. राजे, राण्या, नेते, त्यांचे छापलेले चेहरे. मध्यभागी काकांच्या राण्या. काका नाही म्हणत होते. मी तीन आठवडे पिच्छा पुरवला, रोज छापखान्यात जाऊन बसले. शेवटी त्यांनी अकरा दिले, आईचा धरून. म्हणाले, "दाखव. पण धुवाचं नाही, पुसाचं नाही. कडेनं धराचं. धुतला तं चेहरा जाते, निस्ती चांदी राह्यते."

आदल्या दिवशी दुपारी बॅनरसाठी फोटो काढायचे होते. नाणी फोटोत काळी येत होती, चेहरे दिसत नव्हते. आमच्यातल्या कुणीतरी घरून पितांबरी आणि दात घासायचा जुना ब्रश आणला. मी पोचले तेव्हा बादलीशी सगळे उकिडवे बसले होते आणि चार राण्या फेसात होत्या. "पाह्य मित्रा, गोरी झाली आपली बाई," एक जण म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. खरं सांगायचं तर चमकत होत्या छान. आता चार गेल्याच आहेत तर सगळ्या सारख्या दिसू देत, असं काहीतरी मनात आलं आणि मी त्यांना थांबवलं नाही. सोबत्यांना नियम ठाऊक नव्हता. मला होता. तो मी त्यांना सांगितलाच नव्हता, कारण आपण एवढे मोठे प्रश्न घेऊन उभे आणि त्यात कडेनं धरा, पुसू नका, हे सांगायची मला लाज वाटली होती.

पण काकांच्या आईचा रुपया मी स्वतः घेतला. मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वस्तीतली जुनी मंडळी येणार, संघटनेतले वरिष्ठ येणार, विहारात मांडलेल्या नाण्यावर कुंकू पाहून कुणीतरी विचारणार, हे काय लावलं बाई तुम्ही? मला त्या प्रश्नाचं उत्तर येत होतं. काकांनी ते दिलं होतं, दोन वाक्यांत. पण ते उत्तर चारचौघांत द्यायची माझी तयारी नव्हती. ब्रशनं कुंकू निघेना, खाच खोल होती. मी ओढणीची टाचणी काढली आणि टोकानं ते कोरून काढलं. थोडंसं लाल पाणी बादलीत उतरलं आणि दिसेनासं झालं… एवढंच. एका मिनिटाचं काम.

प्रदर्शनाच्या दिवशी काका आले. पांढरा सदरा, खिशात पेन. अकरा राण्या काळ्या मखमलीवर लखलखत होत्या. काका टेबलापाशी थांबले, खिशातून भिंग काढलं, डोळ्यापर्यंत नेलं, आणि न पाहताच परत खिशात ठेवलं. मी शेजारी उभी होते. मी मनात सगळं तयार ठेवलं होतं, ते काय बोलतील आणि मी काय म्हणेन.

"लाईट चांगला लावला," काका म्हणाले.

त्यांनी चहा घेतला, एका तक्त्यातली तारखेची चूक दाखवली आणि सिटी बसनं घरी गेले. दुसऱ्या दिवशी मी नाणी परत द्यायला छापखान्यात गेले. त्यांनी पुडी घेतली, उघडली नाही, पिशवीत टाकली. मी म्हटलं, काका, ते नाण्यांचं… ते म्हणाले, "तुह्या पत्रकाचा कागद आला का?"

त्यानंतर दोन वर्षं हेच. मी विषय काढला की ते कागदाचं विचारायचे, शाईचं विचारायचे, पट्ट्यांचं काय झालं विचारायचे. पत्रकं आधीसारखीच तपासायचे, तेवढ्याच बारकाईनं, तेवढ्याच मायेनं, आणि ती माया मला सहन होत नव्हती. मी रागावर जगणारी मुलगी आहे. समोरचा ओरडला की मला कळतं कुठं उभं राहायचं. या माणसानं मला उभं राहायला जागाच ठेवली नाही. त्यांच्या घरी जाणं मी बंद केलं. कधी कधी वाटायचं, त्यांना काही वाटलंच नसेल. मग ते न पाहता परत ठेवलेलं भिंग आठवायचं.

शेवटची भेट रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात. नाकाला नळी, हात सुकलेले. वैशालीताई औषधं आणायला खाली गेली होती. मी ठरवून गेले होते. म्हटलं, काका, आज तरी मला बोला काहीतरी. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"पट्टे भेटले काय?"

"नाही."

"मंग इथं काहून बसली? जा ना."

मी गेले. चिडून गेले, जिना दाणदाण उतरत.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि तीन-चार दिवसांनी वैशालीताईचा फोन आला. "मित्रा, बाबाचे ते राणीचे शिक्के घेऊन मी इतवारीत गेली होती, एका जाणकाराले दाखवाले. तो म्हणे यातले अकरा आता निस्ती चांदी होय, कोणंतरी घासले. बाबा तं आम्हाले बोट लावू देत नव्हते. तुले काही माहीत हाये का?" मी म्हटलं, ताई, मी येते.

स्कूटीवरून जाताना मी डोक्यात निवेदन तयार करत होते. कार्यकर्त्यांकडून अनवधानानं. पुरेशी सूचना न मिळाल्यानं. इंदोऱ्याच्या चौकात सिग्नलला थांबले आणि जाणवलं, की काकांनी यातला एकही शब्द ठेवला नसता. घरी पोचले, चप्पल काढली, आणि उभ्या उभ्याच सांगितलं. ताई, मी घासले. प्रदर्शनात. आणि आजीच्या रुपयातलं कुंकू मी टाचणीनं काढलं. मुद्दाम.

वैशालीताई भाजी निवडत बसली होती. "मुद्दाम म्हणजे?"

मी तेही सांगितलं. विहार, वरिष्ठ मंडळी, कुणी विचारलं असतं तर.

"तुले कोणं सांगितलं होतं वं आमचं घर सुधरवाले?" ती उठली नाही, आवाजही चढवला नाही, पोस्टातल्या काउंटरवर बोलते तशी बोलली. "माह्या आजीनं आपल्या हातानं देव बांधून देल्ले नदीत सोडाले. गावातल्या लोकायनं विहीर बंद केली होती तिची, तरी सोडले. तवा तुही माय बी जन्मली नव्हती. जे तू कागदावर छापून वाटते ना, ते ती करून बसली होती. तिले तू शिकवणार? अन् बाबानं तुले घरात घेतलं, खायले घातलं, तूनं काय केलं, तं त्यायच्या मायचं बोट पुसून ठेवलं. कोणाले दाखवाले? कोण येणार होतं असं मोठं?"

ती आणखी बोलली. सगळं छापत नाही. मी ऐकत राहिले, आणि आतून काहीतरी सैल होत गेलं, दोन वर्षं आवळलेलं. पण तेवढ्यातच हेही कळत होतं, की हे काकांचं रागावणं नव्हे. ते आता व्हायचं नाही.

मग ती एकदम थांबली. स्वयंपाकघराकडे पाहत राहिली.

"म्हणून ते ताट," ती म्हणाली.

शेगडीच्या वरच्या खिडकीत एक स्टीलचं ताट होतं, रिकामं. दोन वर्षं ती त्या ताटावरून बापाशी भांडत आली होती. प्रदर्शनानंतरच्या आठवड्यात काकांनी ते अकरा रुपये तिथं उघडे मांडले. रोज सकाळी चहा झाला की उठायचे आणि एकेक रुपया कडेनं धरून उलटा करायचे. शिक्के काय वाळवण होय का बाबा, ती ओरडायची, फोडणीचा धूर बसून राह्यला त्याच्यावर. "बसू दे," काका म्हणायचे. "धुरानं काळे होतीन." कवा होतीन? "लय वर्षं लागतीन. मी नाही पाहत." मंग कोण पाहीन? "हाये एक पोरगी. तिले लय घाई हाये. तिलेच पाहू दे."

"मले वाटलं माह्या पोरीबद्दल बोलून राह्यले," वैशालीताई म्हणाली.

तिला सांगितलं. मला नाही. हा कसला न्याय आहे? मला एका शब्दानं कळवलं असतं तर मी दोन वर्षं त्या घराला वळसा घालून गेले नसते. रोज आले असते, त्यांच्या समोर उलटले असते, त्यांनी कडेनं धर म्हणून टोकलं असतं, आणि कदाचित कधीतरी, एखाद्या सकाळी, वैतागून बोललेही असते.

वैशालीताईनं डबी आणली आणि रुपये पुन्हा ताटात मांडायला घेतले. चेहऱ्यावर बोटं टेकवून उचलत होती. "कडेनं," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी जीभ चावली. मग तिनं पुढचा कडेनं उचलला.

नाणी तिनं मला दिली नाहीत, मीही मागितली नाहीत. तीन रविवार झाले, मी सकाळी इंदोऱ्याला जाते. बाकीचे सहा दिवस ती उलटते, रविवारी मी. पहिल्या दोन रविवारी तिनं चहा विचारला नाही. परवा कप ओट्यावर ठेवला आणि बाहेर निघून गेली. शेगडीवर कांदा परतत असतो, डोळे झोंबतात. काकांच्या दोन वर्षांत एवढंच झालं आहे, की अक्षरांच्या कडेनं कोऱ्या चहासारखा रंग धरला आहे. ब्रशचे ओरखडे गेलेले नाहीत. ते जाणार नाहीत, उलट चांदी जसजशी काळवंडेल तसतसे जास्त दिसतील, राणीच्या गालावर, कपाळावर. इथं तिला ज्या सुरकुत्या कधी मिळाल्या नव्हत्या त्या आमच्या पितांबरीनं दिल्या. या वाक्यात मला पत्रकाची ओळ दिसते, आणि मी ती छापणार नाही.

आजीचा रुपया मी सगळ्यांत आधी उलटते. शेवटी ठेवला तर मला टाळता येईल, मी मला ओळखते. काकांचं भिंग आता खिडकीतच असतं. मी ते डोळ्याला लावते आणि पाहते. खाच पांढरी आहे. मग बाकीचे दहा.